नॉटिंगहॅमचे दोन कारभारी

इंग्लंडच्या मध्यभागीं ट्रेंट नदीच्या कांठीं नॉटिंगहॅम नांवाचें शहर आहे. ज्यांनीं लहानपणीं रॉबिन हूडच्या गोष्टी वाचल्या असतील त्यांस शेरवुडचें जंगल आणि नॉटिंगहॅमचा तो दुष्ट शेरीफ यांचें स्मरण असेलच. आणि ज्यांच्या घरीं आजोबांची रॅले सायकल पडवीला टेकून उभी असे, त्यांस त्या सायकलीचें माहेर हेंच शहर असें सांगितल्यास थोडी मौज वाटेल. लेस विणण्याच्या गिरण्या, सायकली, औषधें व सिगारेटी यांवर हें शहर वाढलें. लंडन, मँचेस्टर किंवा लिव्हरपूल यांच्या पंक्तीला मात्र त्यास कोणी बसवीत नसे, आणि फुटबॉलच्या बाबतींत तर नाहींच नाहीं. अशा या शहरांतील 'नॉटिंगहॅम फॉरेस्ट' नांवाच्या क्लबानें १९७९ सालीं सबंध युरोपांतील विजेत्या क्लबांची स्पर्धा, म्हणजे युरोपियन कप, जिंकला; आणि पुढच्याच वर्षीं, १९८० सालीं, तो पुनः जिंकून आपल्याकडे राखला. इंग्लंडच्या लीगचें अजिंक्यपद या क्लबाच्या वांट्यास १९७८ सालीं एकदांच आलें, आणि युरोपचें दोनदां! घरच्यापेक्षां बाहेरचा मान अधिक वेळां मिळविलेला असा दुसरा क्लब युरोपांत नाहीं.

कपाची हकीकत आम्ही पुढें सांगणारच आहों. परंतु तिच्या मुळाशीं दोन मनुष्यांच्या सख्याची हकीकत आहे, आणि आमच्या मतें तीच अधिक विचार करण्याजोगी आहे. ज्या घराचा कारभार दोन भाऊ मिळून पाहतात, एक माणसें पारखतो व दुसरा त्यांजकडून काम करून घेतो, त्या घराची भरभराट व त्या घराचें पुढें काय होतें, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. ब्रायन क्लफ व पीटर टेलर हे रक्तानें भाऊ नव्हते, एवढाच काय तो फरक.

क्लफ १९३५ सालीं मिडल्सबरो या लोखंड-पोलादाच्या गांवीं जन्मला. नऊ भावंडांत तो सहावा. वडील मिठाईच्या कारखान्यांत साखरेचा पाक करण्याच्या कामावर होते. अकराव्या वर्षीं द्यावयाच्या परीक्षेंत, जिच्यावर तिकडे मुलाचें पुढील शिक्षण ठरे, तो नापास झाला. तथापि ज्या साध्या शाळेंत त्याची रवानगी झाली तेथें तो विद्यार्थ्यांचा प्रमुख नेमला गेला. तेव्हां हुकूम चालविण्याची कला उपजतच असली पाहिजे. टेलर त्याच्याहून सुमारें सात वर्षांनीं वडील, आणि जन्मानें नॉटिंगहॅमचाच. १९५५ सालीं टेलर मिडल्सबरोच्या क्लबांत गोलकीपर म्हणून आला, तेव्हां क्लफला पहिल्या संघांत कोणी विचारीत नव्हतें. टेलरनें त्याला सरावांत चेंडू मारतांना पाहिलें आणि हा पोरगा असामान्य आहे असें तो भेटेल त्यास सांगत सुटला. टेलर स्वतः खेळाडू म्हणून मध्यम प्रतीचा होता. पुढें जें कांहीं घडलें त्याचें बीज येथेंच सांपडतें: एकाच्या ठिकाणीं गुण होता, दुसऱ्याच्या ठिकाणीं तो ओळखणारी नजर होती.

टेलरचा शब्द खरा ठरला. क्लफनें लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल केले. परंतु १९६२ सालच्या नाताळच्या दुसऱ्या दिवशीं, संडरलंडकडून खेळत असतां, गोलकीपरशीं टक्कर होऊन त्याच्या गुडघ्यास जबर दुखापत झाली. पुनः उभें राहण्याचा त्याचा प्रयत्न फसला आणि एकोणतिसाव्या वर्षीं खेळाडूचें आयुष्य संपलें. १९६५ सालीं हार्टलपूल या लीगच्या अगदीं तळाशीं असलेल्या क्लबानें त्यास मॅनेजर नेमलें. त्यानें आधीं काय केलें, तर टेलरला बोलावणें धाडलें. टेलर त्या वेळीं बर्टन येथें बऱ्या पगारावर मॅनेजर होता. ती जागा सोडून तो कमी पगारावर आला. क्लबाची दोन अधिकारी पोसण्याची ऐपत नव्हती. म्हणून टेलरचें नांव 'ट्रेनर' असें लावण्यांत आलें व सामन्याच्या वेळीं बादली आणि स्पंज घेऊन बसण्याचें काम त्याच्या गळ्यांत पडलें. क्लफनें वेळप्रसंगीं खेळाडूंची बस आपणच हांकतां यावी म्हणून तसा परवाना काढला. गरिबीच्या संसारांत जसे दोन भाऊ मिळेल तें काम करतात, तशांतलाच हा प्रकार.

तेथून ते १९६७ सालीं डर्बी येथें गेले. दुसऱ्या वर्गांत खितपत पडलेला तो क्लब त्यांनीं १९७२ सालीं इंग्लंडचा अजिंक्य संघ केला आणि पुढच्या वर्षीं युरोपियन कपाच्या उपांत्य फेरीपर्यंत नेला. तेथें इटलीच्या युव्हेंटसनें त्यांस अडविलें. नंतर क्लबाच्या चालकांशीं खटका उडून ऑक्टोबर १९७३ मध्यें दोघांनीं राजीनामा दिला. क्लफची जीभ हा त्याचा मोठा शत्रु. दूरचित्रवाणीवर व वर्तमानपत्रांत तो कोणाचीही भीडभाड ठेवीत नसे. पुढें दोघे ब्रायटनला गेले. तेथून १९७४ सालीं क्लफ एकटाच लीड्सच्या मोठ्या क्लबाकडे गेला. टेलर मागें राहिला. लीड्स येथें क्लफ ४४ दिवस टिकला! इकडे टेलरनेंही ब्रायटनमध्यें दोन वर्षें एकट्यानें खटपट केली, पण क्लबाला वरच्या वर्गांत चढवितां आलें नाहीं. जानेवारी १९७५ मध्यें क्लफ नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे आला तेव्हां तो क्लब दुसऱ्या वर्गांत तेराव्या स्थानीं होता. त्या मोसमाअखेर तो सोळावा आला, पुढच्या मोसमांत आठवा. प्रगति होती, पण चमत्कार नव्हता. जुलै १९७६ मध्यें टेलर येऊन मिळाला. १९७७ सालीं फॉरेस्ट तिसऱ्या क्रमांकानें, म्हणजे जेमतेम, पहिल्या वर्गांत चढला; आणि १९७८ सालीं त्याच पहिल्या वर्गाचा विजेता ठरला. नोव्हेंबर १९७७ पासून डिसेंबर १९७८ पर्यंत लीगच्या सलग ४२ सामन्यांत त्यास कोणी हरवूं शकलें नाहीं. हा उच्चांक इंग्लंडांत २००४ सालापर्यंत अबाधित होता.

टेलर येऊन काय करी, हें येथें सांगितलें पाहिजे. परगांवच्या मैदानावर गर्दींत कोठें तरी बसून तो माणसें पाही. खेळाडू चेंडू कसा मारतो एवढेंच पाहून त्याचें समाधान होत नसे. तो पितो काय, जुगार खेळतो काय, घरीं त्याचें कसें काय आहे, याची तो चौकशी करी. मुलीसाठीं स्थळ पाहतांना आपल्याकडील वडील मंडळी जी चौकशी करतात तिच्याहून ही चौकशी कांहीं कमी नव्हती. केनी बर्न्स नांवाचा बर्मिंगहॅमचा एक खेळाडू भांडखोर व उनाड म्हणून प्रसिद्ध होता. टेलर म्हणे कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानावर त्याच्या मागावर राहिला, आणि तो समजतात तितका वाया गेलेला नाहीं अशी खात्री झाल्यावरच त्यानें त्यास घेण्याचा सल्ला दिला. बर्न्स आघाडीवर गोल करावयास खेळे. या दोघांनीं त्यास मागें बचावाच्या मधोमध उभा केला. १९७८ सालीं इंग्लंडांतील क्रीडा-लेखकांनीं वर्षाचा उत्तम खेळाडू म्हणून त्याच बर्न्सची निवड केली! त्याच्या जोडीस लॅरी लॉइड हा धिप्पाड गडी. लिव्हरपूलनें सोडलेला, कोव्हेंट्रीस नकोसा झालेला. डाव्या बचावाला फ्रँक क्लार्क. त्यास न्यूकॅसलनें एकतिसाव्या वर्षीं म्हातारा समजून फुकट मोकळें केलें होतें. गॅरी बर्टल्स हा गालिचे बसविण्याचें काम करणारा तरुण, लाँग ईटन या लहानशा गांवच्या क्लबांतून अवघ्या २,००० पौंडांस आणलेला. जॉन मॅकगव्हर्न हा नायक. क्लफ जेथें जाई तेथें तो मागोमाग जाई. हार्टलपूल, डर्बी, लीड्स, नॉटिंगहॅम, अशी त्याची सारी यात्रा क्लफच्या पाठोपाठ झाली. उजवा बचाव सांभाळणारा व्हिव्ह अँडरसन हा नॉटिंगहॅमचाच मुलगा. नोव्हेंबर १९७८ मध्यें तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघांतून खेळला, आणि हा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णी खेळाडू होय.

परंतु या सर्वांत आमचें मन विशेष वेधून घेतो तो जॉन रॉबर्टसन. हा स्कॉटलंडचा मुलगा क्लफ येण्यापूर्वींपासून क्लबांत होता; अंगानें सुटलेला, सिगारेटी ओढणारा, कपडेलत्त्यांत गबाळा, आणि धांवण्याचा मनापासून कंटाळा असलेला. त्यास विकून टाकावें असा बेतही झाला होता. टेलरनें त्यास फैलावर घेऊन खडसावलें. पण त्याचबरोबर, तूं मनांत आणशील तर कोणाच्याही तोडीचा होशील, असेंही त्यास सांगितलें. डाव्या कडेला त्यास उभें केलें आणि सर्व संघास आज्ञा केली कीं चेंडू मिळाला कीं याच्याकडे द्यावा. त्याला वेग नव्हता. पण दोन्ही पायांनीं चेंडू असा घोळवी कीं समोरचा गडी उभ्याउभ्या फसे. दोन्ही वर्षींच्या अंतिम सामन्यांत गोल झाला तो याच गबाळ्या मनुष्याच्या करामतीनें.

क्लफचें काम टेलरनें आणलेलीं हीं माणसें एका तालांत आणण्याचें. पंचाशीं हुज्जत घालावयाची नाहीं, चेंडू उंच न उडवितां जमिनीवरून खेळावयाचा, आणि ज्यास जें येतें तेवढेंच त्यानें करावें, हे त्याचे नियम. सामन्यांच्या दरम्यान तो खेळाडूंस राबवीत नसे, उलट विश्रांतीस धाडी. मोसमाच्या मध्येंच सर्वांस घेऊन स्पेनच्या मायोर्का बेटावर उन्हांत पडून राहावयाचें, असा त्यांचा क्रम होता. मार्च १९७९ मध्यें इंग्लंडच्या लीग कपाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या रात्रीं या दोघांनीं सर्व खेळाडूंस बसवून घेऊन शँपेन पाजली. ज्यांस लौकर निजावयाचें होतें त्यांसही उठूं दिलें नाहीं. सोंवळ्या घरांतील आमच्या वाचकांनीं हा भाग पाहिजे तर गाळून वाचावा. दुसऱ्या दिवशीं अर्धा सामना होईतों संघ एक गोलानें मागें होता, आणि शेवटीं ३-२ नें जिंकला! क्लफचें म्हणणें असें कीं भीतीनें रात्रभर जागण्यापेक्षां हंसतखिदळत जागलेलें बरें. आम्हांस ही पद्धत अनुकरणीय वाटत नाहीं. पण मनावरचा ताण उतरविण्याची विद्या या दोघांस साधली होती, हें नाकबूल करतां येत नाहीं. त्यांतही सर्वांस हंसविण्याचें काम मुख्यतः टेलरचें असे.

आतां कपाकडे वळूं. त्या काळीं युरोपियन कपांत प्रत्येक देशाचा केवळ विजेता संघ, आणि आदल्या वर्षींचा कप जिंकणारा संघ, एवढेच येत. प्रत्येक फेरींत दोन सामने, एक आपल्या मैदानावर व एक परक्याच्या. दोहोंतील गोलांची बेरीज करून जो कमी पडेल तो घरीं जाई. दोघांची बेरीज सारखी आली तर परक्या मैदानावर ज्यानें अधिक गोल केले तो पुढें जाई. १९९२ पासून 'चँपियन्स लीग' हें नांव मिळाल्यावर एकाच देशाचे तीन-चार क्लबही तींत येऊं लागले, व हरूनही सांवरावयास सवड मिळूं लागली. पूर्वीं ती सोय नव्हती.

फॉरेस्टचें नशीब असें कीं पहिल्याच फेरींत त्यांची गांठ लिव्हरपूलशीं पडली. लिव्हरपूल म्हणजे १९७७ व १९७८ या दोन्ही वर्षांचा युरोपचा विजेता. १३ सप्टेंबर १९७८ रोजीं नॉटिंगहॅम येथें पहिला सामना झाला. गालिचे बसविणाऱ्या बर्टल्सनें पहिला गोल केला. एक गोलाच्या आघाडीनें लिव्हरपूलला फारसें भय वाटत नव्हतें. परंतु सामना संपत आला असतां कॉलिन बॅरेट या बचावाच्या गड्यानें पुढें धांवून दुसरा गोल केला. दोन आठवड्यांनीं लिव्हरपूलच्या मैदानावर फॉरेस्टनें एकही गोल होऊं दिला नाहीं. पीटर शिल्टन हा गोलकीपर तेथें भिंतीसारखा उभा राहिला. शिल्टन हा टेलरच्या आग्रहानें भरपूर पैसे मोजून घेतलेला. गोलकीपर होऊन गेलेल्या टेलरला त्या जागेची किंमत ठाऊक होती. बिचाऱ्या बॅरेटला मात्र याच मोसमांत गुडघ्याची मोठी दुखापत झाली व तो पुनः पूर्वींसारखा उभा राहिला नाहीं. गुडघ्यानें आयुष्य बदलण्याचा हा प्रकार क्लफच्या इतका ओळखीचा दुसऱ्या कोणास असेल?

पुढच्या दोन फेऱ्यांविषयीं फार लिहिण्याजोगें नाहीं. अथेन्सच्या एईके क्लबास, ज्याचा शिक्षक हंगेरीचा जगप्रसिद्ध खेळाडू पुश्काश हा होता, त्यांनीं तिकडे २-१ व इकडे ५-१ असें हरविलें. झुरिकच्या ग्रासहॉपर क्लबास ४-१ असें हरवून तिकडचा सामना १-१ असा बरोबरींत सोडविला. खरी कसोटी उपांत्य फेरींत लागली. पश्चिम जर्मनीचा विजेता कोलोन हा संघ ११ एप्रिल १९७९ रोजीं नॉटिंगहॅमच्या चिखलानें भरलेल्या मैदानावर उतरला आणि वीस मिनिटांच्या आंत त्यानें दोन गोल केले. आपल्या घरीं, आपल्या लोकांसमोर, दोन गोलांनीं मागें! दुसरा एखादा संघ तेथेंच खचला असता. बर्टल्सनें एक गोल फेडला; उत्तरार्धांत इयन बोयरनें दुसरा; आणि मग ज्यास डोक्यानें चेंडू मारतांना सहसा कोणी पाहिलें नव्हतें त्या रॉबर्टसननें झेंप घेऊन डोक्यानें तिसरा केला. मैदान गर्जनेनें दुमदुमलें. इतक्यांत कोलोननें यासुहिको ओकुदेरा नांवाचा राखीव खेळाडू आंत धाडला. हा जपानी, जर्मनीच्या पहिल्या वर्गाच्या लीगमध्यें खेळणारा पहिलाच जपानी. तो मैदानावर येऊन थोडका वेळ झाला नाहीं तोंच त्याचा फटका शिल्टनच्या अंगाखालून जाळ्यांत गेला. ३-३.

हिशेब फॉरेस्टच्या उलट झाला. कोलोनला आतां आपल्या घरीं नुसता गोल न होऊं देणें पुरेसें होतें. ०-० झाले तरी परक्या मैदानावरील तीन गोलांच्या जोरावर तेच अंतिम सामन्यास जाणार, आणि तो सामना त्यांच्याच देशांत, म्युनिक येथें! इंग्लंडांतील बहुतेकांनीं आशा सोडली. क्लफनें मात्र दूरचित्रवाणीवर शांतपणें सांगितलें कीं आम्ही संपलों असें म्हणण्याइतका मूर्ख कोणी नसावा अशी माझी आशा आहे. २५ एप्रिल रोजीं कोलोन येथें फॉरेस्टनें घाई केली नाहीं. वाट पाहिली. उत्तरार्धांत रॉबर्टसननें कोपऱ्यावरून चेंडू आंत दिला, बर्टल्सच्या डोक्यास लागून तो पुढें आला आणि बोयरनें खालीं वांकून डोक्यानें तो जाळ्यांत घातला. एवढा एकच गोल. उरलेला वेळ बर्न्स, लॉइड व शिल्टन यांनीं काढला.

अंतिम सामना ३० मे १९७९ रोजीं म्युनिकच्या ऑलिंपिक स्टेडियममध्यें स्वीडनच्या माल्मो या क्लबाशीं झाला. या माल्मोचा मॅनेजर बॉब हॉटन हा एकतीस वर्षांचा इंग्रजच होता. आमच्या वाचकांपैकीं फुटबॉलचा नाद असलेल्या तरुण मंडळींस हें नांव परिचित असेल. कारण हाच हॉटन २००६ ते २०११ पर्यंत भारताच्या राष्ट्रीय संघाचा शिक्षक होता. त्याच्या हाताखालीं भारतानें २००७ व २००९ सालीं नेहरू कप जिंकला, २००८ सालीं दिल्ली येथें एएफसी चॅलेंज कप जिंकला, आणि त्यायोगें सत्तावीस वर्षांनीं, २०११ सालीं, आशियाई कपाच्या मुख्य स्पर्धेंत आपला संघ पोहोंचला. म्युनिकमध्यें हॉटनचे कांहीं प्रमुख गडी जायबंदी होते. त्यानें सारा भर बचावावर दिला. सामना म्हणून तो रुक्षच झाला, हें मान्य केलें पाहिजे.

फॉरेस्टपुढें निराळाच पेंच होता. फेब्रुवारी १९७९ मध्यें त्यांनीं बर्मिंगहॅमहून ट्रेव्हर फ्रान्सिस यास दहा लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन घेतलें होतें. ब्रिटनमध्यें एवढी किंमत यापूर्वीं कोणत्याही खेळाडूस पडलेली नव्हती. नियमाप्रमाणें तो आधींच्या फेऱ्यांत खेळूं शकत नव्हता. अंतिम सामना हाच त्याचा युरोपियन कपांतील पहिला. त्यास घ्यावयाचें तर कोणास तरी वगळणें आलें. आर्ची गेमिल व मार्टिन ओनील हे दोघे दुखण्यांतून नुकतेच उठलेले होते. आम्ही बरे झालों असें दोघांचेंही म्हणणें. क्लफनें दोघांसही बाहेर बसविलें. फ्रान्सिस उजव्या कडेला खेळला. पूर्वार्ध संपावयास कांहीं क्षण उरले असतां डाव्या कडेला रॉबर्टसनला चेंडू मिळाला. दोघांस चकवून त्यानें तो पलीकडच्या खांबाकडे उंच सोडला. फ्रान्सिस धांवत आला आणि त्यानें डोक्यानें तो गोलांत घातला. विकावयास काढलेल्या मनुष्यानें चेंडू दिला, दहा लाखांच्या मनुष्यानें गोल केला. तोच निकाल राहिला. पस्तीस वर्षांच्या फ्रँक क्लार्कचा खेळाडू म्हणून हा शेवटचा सामना होता. नऊ सामन्यांत सहा विजय, तीन बरोबऱ्या, आणि पराभव एकही नाहीं, असा त्या मोसमाचा हिशेब. गेमिलनें मात्र त्या दिवशींचें बाहेर बसणें मनांत ठेविलें व त्याच उन्हाळ्यांत तो क्लब सोडून गेला.

दुसऱ्या वर्षींची हकीकत थोडक्यांत अशी: पूर्व बर्लिनच्या डायनॅमो क्लबानें नॉटिंगहॅममध्यें येऊन १-० नें हरविलें, तेव्हां फॉरेस्टनें बर्लिनला जाऊन ३-१ नें उट्टें काढलें. उपांत्य फेरींत हॉलंडच्या आयाक्सला मागें टाकलें. २८ मे १९८० रोजीं माद्रिद येथें हॅम्बुर्गशीं गांठ पडली. फ्रान्सिस दुखापतीमुळें खेळूं शकला नाहीं. विसाव्या मिनिटास रॉबर्टसननें गोल केला आणि त्यानंतर सबंध सामनाभर हॅम्बुर्गचे हल्ले शिल्टननें परतविले. पुनः १-०.

तिसऱ्या वर्षीं पहिल्याच फेरींत बल्गेरियाच्या एका क्लबानें त्यांस बाहेर काढलें, आणि मग हें घर हळूहळू बसत गेलें. जुने गडी विकले गेले. नव्यांवर मोठ्या रकमा खर्च झाल्या, त्यांत टेलरची नजर पूर्वींसारखी लागू पडेना. १९८० सालींच टेलरनें आपल्या व क्लफच्या सहवासावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें होतें. तें आपणांस न विचारतां लिहिलें, ही गोष्ट क्लफला लागली. मे १९८२ मध्यें टेलरनें थकलों म्हणून निवृत्ति घेतली. क्लफनें ती खरी मानली. आणि सहा महिन्यांच्या आंत टेलर डर्बीचा मॅनेजर झाला! जानेवारी १९८३ मध्यें एफ.ए. कपांत डर्बी व फॉरेस्ट समोरासमोर आले. दुसऱ्या वर्गांतल्या डर्बीनें २-० असा विजय मिळविला, आणि त्यांतला एक गोल केला तो तेथें जाऊन पोहोंचलेल्या आर्ची गेमिलनें.

एवढ्यावरही भागलें असतें. परंतु त्याच वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत क्लफ एका धर्मार्थ कामासाठीं उत्तर इंग्लंडच्या डोंगरांतून पायीं प्रवास करीत असतां त्याला बातमी समजली कीं टेलरनें रॉबर्टसनला डर्बीसाठीं घेतलें. नियमानें त्यांत गैर कांहीं नव्हतें. पण एक शब्द आधीं कळविला नव्हता. दोघांनीं मिळून ज्याला माणसांत आणलें, तोच रॉबर्टसन! भाऊबंदकींत शेताच्या किंमतीपेक्षां बांधावरचें एखादें झाडच अधिक बोंचतें, तसें झालें. क्लफनें अबोला धरला. टेलरनेंही तो मोडला नाहीं. डर्बीस टेलरला यश आलें नाहीं. १९८४ सालीं त्यानें तेंही काम सोडलें. क्लफनें पुढें फॉरेस्टसाठीं १९८९ व १९९० सालीं लीग कप जिंकला. परंतु लीगचें अजिंक्यपद किंवा युरोपियन कप त्याच्या हातीं पुनः लागला नाहीं, आणि १९९३ सालीं क्लब दुसऱ्या वर्गांत घसरला तेव्हां तो निवृत्त झाला. दोघांच्या गांवांत अंतर तें किती, तर पंधरा-सोळा मैल. सात वर्षें ते एकमेकांशीं बोलले नाहींत.

४ ऑक्टोबर १९९० रोजीं मायोर्का येथें टेलर वारला. ज्या बेटावर दोघांनीं आपल्या खेळाडूंस उन्हांत बसवून हंसविलें तेंच हें बेट. क्लफ अंत्यविधीस हजर राहिला. १९९४ सालीं त्यानें आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें, तें त्यानें टेलरला अर्पण केलें आहे. क्लफ २००४ सालीं वारला. नॉटिंगहॅमहून डर्बीस जाणाऱ्या रस्त्यास पुढें त्याचें नांव देण्यांत आलें आणि नॉटिंगहॅमच्या भर बाजारपेठेशेजारीं २००८ सालीं त्याचा पुतळा उभा राहिला. तेथें तो एकटा आहे. डर्बीच्या मैदानाबाहेर २०१० सालीं जो पुतळा बसविला त्यांत मात्र दोघेही आहेत. फॉरेस्टच्या मैदानावर प्रेक्षकांच्या एका सज्जास क्लफचें नांव त्याच्या हयातींतच मिळालें होतें. दुसऱ्या सज्जास टेलरचें नांव २०१५ सालीं देण्यांत आलें.